आईची पाखरं आणि बाईंचं चित्र

दि. ४ मार्च

सौ. बाईंना,
स. न. वि. वि.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर माझा आवाज चढला असता. बाबांना तर फोनवर धड ऐकूच येत नाही. हो हो म्हणून त्यांनी फोन तुमच्याच हातात दिला असता.

शेजारच्या काकूंनी परवा एक फोटो पाठवला. तुमच्या सोफ्यावर बसलेल्या त्यांच्या नातीचा. पण मी नात पाहिलीच नाही, मागची भिंत पाहिली. आईनं कापडावर भरलेली अकरा पाखरं त्या भिंतीवर होती. आता तिथे काच लावून एक भला मोठा पांढरा कागद टांगलाय आणि त्यावर खालच्या अंगाला एक राखाडी पट्टी. फोटो मोठा करून पाहिला, म्हटलं अजून काहीतरी असेल. काही नाही, पट्टीच. नवऱ्याला दाखवला. तो पडला दातांचा डॉक्टर, त्याला वाटलं कुणाचा तरी एक्स-रे बिघडलाय.

आई जाऊन चार वर्षं झाली. ती गेली त्याच महिन्यात मी तिची भरतकामं फ्रेम करून आणली, स्टुलावर चढून एकेक खिळा ठोकला. आजारपणातही तिनं हा छंद सोडला नव्हता. मला ती पाखरं दिसली की ती खिडकीशी बसून गुणगुणतेय असं वाटतं.

तुम्ही घरात आलात याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुमच्या आणि बाबांच्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. दीड वर्षात कधी वाकडा शब्द बोलले असेन तर सांगा. पण भिंत रिकामी करायची होती तर मला एका शब्दानं विचारायला हवं होतं.

पाखरं माळ्यावर उंदरांच्या स्वाधीन झाली नसतील तर ती सगळी मला पाठवून द्या. माझ्या घरात त्यांना जागा आहे.

बाबांच्या कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या माझ्या औषधांच्या दुकानातून काढून वेगळ्या पाकिटानं पाठवल्या आहेत.

कळावे. लोभ आहे असं धरून चालते.

ठकू


दि. ११ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. तुला चालत असतील तर.

पत्र मिळालं, बॅटऱ्याही मिळाल्या. बाबांनी लगेच बसवल्या आणि पहिलं वाक्य ऐकलं ते माझं, की ठकूचं पत्र आलंय आणि ती रागावली आहे. त्यावर त्यांनी यंत्र काढून ठेवलं.

फ्रेमा मीच उतरवल्या. बाबांनी स्टूल धरलं होतं. त्या माळ्यावर नाहीत, एकेक चादरीत गुंडाळून माझ्या कपाटात आहेत. उंदीर आमच्याकडे नाहीत, ते काकूंकडे आहेत.

आता चित्राबद्दल. तू त्याला कागद म्हटलंस, त्यात खोटं काही नाही. मी कोर्टात लघुलेखक होते, तुला ठाऊकच आहे. दिवसभर लोक बोलायचे आणि मी टिपून घ्यायचे. कुणी कुणाची जमीन लाटली, कुणी कुणावर हात उगारला, त्या वेळी कोण काय म्हणालं. संध्याकाळी खोलीवर आले तरी डोक्यात साक्षी चालूच. मग मी जेवणाच्या सुट्टीत कोर्टामागच्या संग्रहालयात जाऊन बसायला लागले. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत हे चित्र होतं, समोर एक बाक. तिकडे कुणी फिरकत नसे. पहिल्यांदा मलाही राग आला होता, वाटलं, एवढं तर मीही काढलं असतं. पण त्यात टिपून घ्यायला काहीच नव्हतं. माणसं नाहीत, गोष्ट नाही. तेवढा वेळ डोक्यातली माणसं गप्प बसायची. पुढे कितीतरी वर्षं मी डबा लवकर संपवून तिथे जात होते.

मूळ चित्र विकत घ्यायला आपण सात जन्म घेतले तरी पुरणार नाहीत. पूर्वी एकदा बाजारातून त्याची स्वस्त छापील प्रत आणून खोलीत लावली होती. दोन उन्हाळ्यांत राखाडी पट्टी गुलाबी झाली आणि कागद पापडासारखा फुगला. आता निवृत्त झाल्यावर कळलं की संग्रहालय स्वतःच जपून ठेवण्याजोगी प्रत काढून देतं. कागद सुती असतो, त्यात आम्ल नसतं, त्यामुळे तो पिवळा पडत नाही. शाई न उडणारी. काच अशी, की उन्हातला रंग खाणारा भाग बाहेरच अडवते. मी दोनदा जाऊन मूळ चित्राशेजारी धरून पाहिली, मगच घेतली. संग्रहालयाच्या दुकानातल्या मुलीनं छातीठोकपणे सांगितलं की शंभर वर्षं रंग हलणार नाही. तुझे बाबा म्हणाले, हललाच तर तक्रार करायला कोण जाणार ते आत्ताच ठरवून ठेवू. घरी वेष्टन सोडल्यावर त्यांनी आधी चित्राची मागची बाजू तपासली, उरलेलं चित्र तिकडे आहे का म्हणून.

हे चित्र मी मागच्या खोलीसाठी आणलं होतं, जिथे माझं शिवणयंत्र आहे. ते हॉलमध्ये का गेलं याला उत्तर आहे. पण ते माझं नाही, म्हणून मी देत नाही. मला हवा तेवढा दोष दे. तुला विचारायला हवं होतं हे मात्र खरं, तिथे माझं चुकलं.

पाखरं पाठवतेय. ती उन्हासमोर लावू नकोस. इथे पश्चिमेचं ऊन थेट त्यांच्यावर यायचं. खंड्याचा निळा फ्रेमच्या काठाखाली अजून गडद आहे आणि मधे पार विटलाय. मागचे पुठ्ठेही तपकिरी पडले होते, ते चित्राच्या दुकानातून बदलून आणलेत. बाकी कशाला हात लावलेला नाही.

गुडघा सोडून बाबा बरे आहेत. रागाला वेळ लागतो, तो घे. पत्रं मात्र थांबवू नकोस.

बाई


दि. २७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पेटी पोचली. एकाही काचेला चरा नाही. कोर्टात मुद्देमाल सीलबंद करतात तशा बाईंनी गाठी मारल्या होत्या, सोडता सोडता माझी नखं गेली.

रविवारी सगळी पाखरं लावली. आमचा हॉल तुमच्या निम्मा, त्यात पुस्तकांचं कपाट, मुलींची खेळणी आणि नवऱ्याची न चालवलेली व्यायामाची सायकल. तरी दहा बसवली. घुबड उरलं, ते मुलींच्या खोलीत गेलं. आता धाकटी त्या खोलीत झोपायला तयार नाही. घुबडाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे आणि तो तिच्याकडेच बघतो म्हणे. थोरली तिला आणखी घाबरवते. नवरा म्हणतो, इतक्या जणांच्या नजरेसमोर भांडी न घासता बसायचा त्याला धीर होत नाही. तेवढा एक फायदा.

खरं सांगू का? दुकान बंद करून घरी येते तेव्हा डोळे मिटून सोफ्यावर पडावंसं वाटतं. दिवसभर औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचलेली असतात. डोळे उघडले की समोर दहा पाखरं, प्रत्येकाचं पीस न् पीस भरलेलं. नजर ठरत नाही. तुमच्या हॉलमध्ये असं कधी वाटलं नव्हतं. पण तिथे मी चार दिवसांची पाहुणी असायचे. हे बाईंना कळता कामा नये.

आता मुद्द्याचं. बाई लिहितात की चित्र हॉलमध्ये का गेलं याचं उत्तर त्यांचं नाही. घरात माणसं दोन. त्यांचं नाही म्हणजे तुमचं. बाबा, तुम्हाला आईची आठवण नकोशी झाली आहे का? तसं असेल तर तसं लिहा, मी सहन करेन. पण बाईंच्या पदराआड लपू नका. यंत्र काढून ठेवलंत तरी सुटका नाही, पत्र डोळ्यांनी वाचायचं असतं.

मुली आजोबांना पापी पाठवतात. उत्तराची वाट बघतेय, माया पातळ करू नका.

तुमची
ठकू


दि. ५ एप्रिल

चि. ठकूस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मला पत्राची सवय नाही. बंदरावर जन्मभर क्रेन चालवली, तिथे सगळं काम हातवाऱ्यांवर. वर, खाली, थांब. त्यामुळे वेडंवाकडं लिहीन, तू सावरून वाच.

आईनं ही पाखरं खिडकीशी बसून हौसेनं भरली असं तुला वाटतं. आम्हीच तुला तसं वाटू दिलं. पहिलं बदक तेवढं घरी झालं. बाकीची सगळी दवाखान्यात झाली. तिच्या डाव्या हाताला सलाईन असायचं, औषध थेंबाथेंबानं जायचं, सकाळची दुपार व्हायची. भरतकामाची रिंग धरायला तिचा दुसरा हात मोकळा नसायचा, म्हणून रिंग मी धरायचो. सुई पण मीच ओवायचो. माझी ही असली बोटं, मला नेढं सापडायचं नाही. दोरा इकडून तिकडे जायचा आणि ती हसायची. एकदा नर्स रागवायला आली, काय चाललंय म्हणून, आणि तिनंच सुई ओवून दिली.

तू तेव्हा पहिलटकरीण. डॉक्टरांनी तुला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. आईनं मला बजावलं होतं की पोरीला यातलं कळता कामा नये. नंतर बाळ लहान होतं, मग तुझं दुकान नवं होतं. थोडं बरं नाही, एवढंच तुला माहीत; आजाराचं नाव कळलं ते अगदी शेवटी. ती तुला फोन करून सांगायची की नवं पाखरू काढलंय. त्याचा अर्थ, आधीचं औषध लागू पडलं नाही, आता नवं सुरू केलंय.

घुबडाचा डोळा मोठा झाला त्या दिवशी तिचा हात थरथरत होता. मी म्हटलं उसवू या. ती म्हणाली राहू दे, सगळंच सरळ आलं तर लोकांना वाटेल विकत आणलंय. खंड्या भरताना तिचे केस गेले. बगळा चालू होता तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची बाई यायची बंद झाली. आम्ही दोघांनी ती कुठे गेली हे विचारलं नाही. तुला भिंतीवर पाखरं दिसायची. मला त्या खुर्च्या दिसायच्या.

ती गेल्यावर तू फ्रेमा करून आणल्यास. तू खिळे ठोकत होतीस आणि कितीतरी दिवसांनी तुझ्या तोंडावर जरा कळा आली होती. मी काय बोलणार? छान दिसतंय म्हटलं. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात बसायला लागलो. पेपर तिथे, चहा तिथे, डुलकीही तिथेच खुर्चीवर. हॉल फक्त पाहुण्यांसाठी. तू यायचीस तेव्हा तुझ्यासोबत बसायचो, पण भिंतीकडे पाठ करून. तुझ्या लक्षात आलं नाही, ते बरंच झालं.

बाईंनी वर्षभर काही विचारलं नाही. मग एके दिवशी विचारलं की या घरात हॉलमध्ये बसायला कोणाची बंदी आहे का. तेव्हा मी सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. चित्र आलं त्या दिवशी त्यांनी ते मागच्या खोलीत नेता नेता हॉलमध्येच टेकवलं आणि मला म्हणाल्या, स्टूल आणा.

आईची आठवण नकोशी झालेली नाही, बाळ. पाखरं समोर होती तेव्हा फक्त दवाखानाच आठवायचा. आता बाकीचं आठवायला लागलंय. लग्न झाल्यावर ती एकदा परवानगी नसताना माझ्याबरोबर क्रेनवर चढली होती. वरून तिची चप्पल सुटली ती थेट मुकादमाच्या उघड्या डब्यात. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. हे मी इतकी वर्षं पार विसरून गेलो होतो.

चित्रातलं म्हणशील तर मला काही कळत नाही. पण सकाळी समोर बसलो की केबिनमधून धुक्यात पाणी दिसायचं तसं वाटतं. पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं ते कळायचं नाही. तसं धुकं असलं की माल उचलायचा नाही, नुसतं बसून राहायचं, असा नियम होता.

बाईंना बोल लावू नकोस. मुलींना माझ्या वाटणीचे लाड.

बाबा


दि. १९ एप्रिल

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र दुकानातच उघडलं. गिऱ्हाइकं उभी होती, ती उभीच राहिली. शेवटी एका आजोबांनी काउंटरच्या आत येऊन मला पाणी दिलं.

पहिले काही दिवस मी आईवर रागावले होते. गेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, आपलंच फुटतं. तिचे ते फोन मला एकेक आठवायला लागले. ती सांगायची बगळा झाला, आणि मी लाडात येऊन म्हणायचे, आता पुढचं लवकर काढ. बाई, मी तिला पुढचं लवकर काढ म्हणायचे. ती म्हणायची, हो, काढते.

शेवटी नवऱ्यानं मला त्याच्या दवाखान्याच्या वरच्या गच्चीवर नेलं आणि मनात होतं ते सगळं बोलू दिलं. खाली पेशंट तोंड धरून बसलेले. त्यांनी बरंच सोसलं त्या दिवशी.

पाखरं मी उतरवली. बदक घरात ठेवलंय, ते आईनं आमच्या जुन्या खिडकीशीच भरलेलं. बाकीची नवऱ्यानं मागून घेतली, त्याच्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीसाठी. तिथे थेट ऊन येत नाही, मी सकाळ, दुपार, संध्याकाळ जाऊन पाहिलं. तिथे ती शोभतात. आत बोलावणं येईपर्यंत लोकांना बघायला काहीतरी हवंच असतं, आणि बारीक बारीक टाके बघण्यात वेळ जातो. एक बाई गाल सुजलेला असताना उठून उठून फुलीचे टाके जवळून बघत होती. घुबडाचा डोळा तर पहिल्याच दिवशी तिघांनी ओळखला. एकानं विचारलं कुणी केलंय. नवरा हातमोजे काढता काढता म्हणाला, माझ्या सासूबाईंनी, त्याही अशाच डॉक्टरकडे बसल्या बसल्या भरायच्या. मी दारात उभी होते. इतक्या सरळपणे ते वाक्य मला म्हणता आलं नसतं.

तुम्हाला उत्तर माहीत होतं आणि तरी तुम्ही माझं पत्र निमूट अंगावर घेतलंत. बाबांनी आपणहून सांगेपर्यंत थांबलात. याबद्दल काय लिहावं कळत नाही, म्हणून एवढंच लिहिते की मला माफ करा. एक्स-रे म्हटलं तेही मागे घेते. चित्र मला अजून आवडलेलं नाही, त्यात खोटं बोलणार नाही.

बाबांच्या गुडघ्यासाठी मलम पाठवतेय, दिवसातून दोनदा. एकदाच लावून दोनदा सांगतात, तुम्ही उभं राहून लावून घ्या.

लोभ आहेच, आता धरून चालायची गरज नाही.

ठकू


दि. २८ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मलम पोचलं. लावून घेते. ते दोनदा सांगतात आणि एकदाही लावत नाहीत, असा शोध लागला आहे.

काकू येऊन गेल्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला हळूच विचारलं की रंगारी उरलेलं काम कधी पूर्ण करणार आहे. मी म्हटलं, पैसे दिले की. त्या मान हलवत गेल्या. हे घराबाहेर पडायला वेळ लागणार नाही, तुझ्यापर्यंत आलं तर गंभीर चेहऱ्यानं ऐक.

परवा दुपारी तुझे बाबा हॉलमध्ये बसले होते. मी उसवलेल्या बाह्या घेऊन शेजारी बसले. ते आपणहून तुझ्या आईविषयी बोलायला लागले. क्रेन, चप्पल, मुकादम, मग तुझा जन्म, तुझ्या शाळेतली भांडणं, ती कुणाकुणाशी कशी भांडून आली ते. मग दवाखाना. तोही सगळा सांगितला, काही गाळलं नाही. चहा दोनदा गार झाला. खरं सांगायचं तर थोडा मत्सर वाटला. उतारवयात लग्न केलं की नवऱ्याची पहिली बायको ऐन तारुण्यात केवढी धीट होती हे ऐकून घ्यावं लागतं. पण त्या दुपारी ती मला पहिल्यांदा माणूस म्हणून कळली. तोवर ती माझ्यासाठी अकरा फ्रेमा होती.

नंतर मात्र मला चुकल्यासारखं वाटलं. हे सगळं ऐकायची पहिली पाळी तुझी होती. माझ्या हाती ते आयतं आलं. तू ये. मुलींना घेऊन ये किंवा त्यांच्या बापावर सोपवून ये. चित्र आवडलं नाही तर त्याच्याकडे पाठ करून बस, या घरात त्याची सवय आहे.

तुझ्या नवऱ्याला सांग की ते वाक्य त्यानं फार चांगलं म्हटलं.

येशील तेव्हा बोलूच. तोवर आहे तसा जीव लावून अस.

बाई


दि. ६ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बारा तारखेला दुपारी पोचते. एकटीच येतेय, आठ दिवसांसाठी. मुली बापाजवळ राहतील. त्यानं आतापासूनच दोघींना वेणी घालायचा सराव सुरू केलाय, थोरली आरशात बघून रडते. दुकान माझी मदतनीस सांभाळेल. स्टेशनवर येऊ नका, गुडघा सांभाळा. बाईंना सांगा, माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नका.

बाबा, मला पहिल्या दिवसापासून ऐकायचंय. डॉक्टरांनी पहिल्यांदा काय सांगितलं, तुम्ही दोघं घरी कसे आलात, वाटेत काय बोललात. औषधांची नावं आठवत असतील तर तीही. माझा तो धंदाच आहे, मला सगळी कळतील. कुठल्या दिवशी ती रडली आणि कुठल्या दिवशी हसली, दोन्ही सांगा. मला कळू द्यायचं नाही म्हणून तिनं तुमच्याकडून जो शब्द घेतला होता, तो तुम्ही पाळलात. आता तो माझ्याकडून सुटला असं समजा.

ऐकता ऐकता मी रडायला लागले तर थांबू नका. तुम्ही रडलात तर मी तुमच्यासाठी थांबेन.

बाईंना साष्टांग नमस्कार. बाकी सगळं समोरासमोर.

तुमची
ठकू